पसारा काढलाच आहे तर…

एका दिवसात एकच बिअर करणं हा आमच्या मित्राला उधळेपणा वाटतो. एवढी पातेली काढायची, एवढं पाणी तापवायचं, गॅरेजमधल्या दोन्ही गाड्या रस्त्यावर लावायच्या, शेजाऱ्यांना वासाची आगाऊ कल्पना द्यायची, आणि संध्याकाळी हाती काय? एकोणीस लिटर. तेही सगळे एकाच चवीचे. त्याचं रत्नागिरीकडचं मन याला तयार होत नाही. पसारा काढलाच आहे तर निदान चार प्रकार झाले पाहिजेत, असा त्याचा हिशोब असतो. आणि हिशोब म्हणून तो बरोबर असतो, ही खरी अडचण आहे.

हा मित्र सिएटलच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात राहतो. सोमवार ते शुक्रवार तो डेटा सायंटिस्ट असतो आणि सुट्टीच्या दिवशी बिअर करतो. करतो म्हणजे ढोसतो असं नव्हे. पिणं त्या मानानं बेताचंच, पण करणं अफाट. आम्ही मित्रमंडळी त्याला 'भट्टीवाला' म्हणतो. तो स्वतःला 'होमब्रूअर' म्हणवतो आणि हे नाव उच्चारताना पाठ सरळ करतो.

अमेरिकेत हे सगळं कायदेशीर आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हा मजकूर रत्नागिरीपर्यंत पोचण्याची शक्यता आहे. मात्र ते नेहमीच तसं नव्हतं. १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षं तिथे देशभर दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली आणि बिअर मात्र राहून गेली. एखाद्याला लग्नाचं आमंत्रण द्यायचं राहून जावं, आणि मग पंचेचाळीस वर्षं कुणाच्या लक्षातच येऊ नये, तशातला प्रकार. अखेर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरगुती बिअरवरचा कर गेला. कार्टर तसे शेंगदाण्याची शेती करणारे, चर्चला नेमाने जाणारे गृहस्थ. त्यांचे धाकटे बंधू बिली यांनी मात्र आदल्याच वर्षी 'बिली बिअर' नावाचा ब्रँड बाजारात आणला होता. थोरल्याने कायदा करायचा आणि धाकट्याने बिअर विकायची, अशी वाटणी त्या घरात झाली होती.

त्या कायद्याने एका प्रौढ माणसाला वर्षाला शंभर गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला दोनशे गॅलन बिअर करता येते. दोनशे गॅलन म्हणजे सातशे सत्तावन्न लिटर. अट एकच, विकायची नाही. बाकी प्या, पाजा, वाटा. प्रत्यक्षात प्रत्येक राज्याने आपापला मुहूर्त पाहिला आणि अलाबामा व मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये कुठे तयार झाली. आमचा मित्र मात्र सातशे सत्तावन्न हा आकडा मर्यादा म्हणून वाचतच नाही. तो हा आकडा रेशनकार्डावरच्या साखरेच्या कोट्यासारखा वाचतो: उचलला नाही तर बुडणार. दर महिन्याला सत्तावन्न लिटर केले तरी वर्षअखेर त्र्याहत्तर लिटर शिल्लक राहतात, हे त्याने मला एकदा चेहरा पाडून सांगितलं होतं.

आपल्याकडे हाच उद्योग केला तर त्याला छंद म्हणत नाहीत, हातभट्टी म्हणतात. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, पण आहे तोच. त्या कायद्याखाली नुसतं प्यायचं म्हटलं तरी परवाना लागतो आणि तो परवाना 'आरोग्य राखण्यासाठी' दिला जातो. करायचं म्हटलं तर परवाना नव्हे, पोलीस येतात. त्यामुळे मित्राची आई सहा महिन्यांसाठी अमेरिकेला आली आणि लेकाच्या गॅरेजमध्ये तीन शेगड्या, तांब्याची वेटोळी नळी आणि उकळणारी पातेली तिने पाहिली, तेव्हा तिने पहिलं काम केलं ते गॅरेजचं दार ओढून घेण्याचं.

"अगं आई, इथे चालतं," तो म्हणाला.

"चालत असेल. दिसायला कशाला हवं?" काकू म्हणाल्या.

तो दिवस मे महिन्याचा पहिला शनिवार होता. अमेरिकेतल्या घरगुती बिअरवाल्यांचा हा सण. १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेसपुढे 'नॅशनल होमब्रू डे' जाहीर झाला, आणि आता मे उजाडला की देशभर गॅरेजांची दारं वर जातात. या सणाच्या निमित्ताने मित्राने एका बैठकीत चार बिअर करायचा बेत आखला होता आणि मदतीला म्हणून आम्हाला बोलावलं होतं. अशा वेळी मदत म्हणजे काय, हे अनुभवी लोक जाणून असतात. घरमालक धावतो आणि मदतनीस खुर्चीवर बसून विचारतात, "बाटलीमागे पडते किती?"

हा प्रश्न मराठी माणूस विचारतोच. मित्राचं उत्तरही पाठ आहे: माल्ट इतक्याचं, हॉप्स इतक्याचे, यीस्ट इतक्याचं, भागिले बाटल्या. दुकानातल्यापेक्षा खूपच स्वस्त. या हिशोबात स्टेनलेस स्टीलची पातेली, पंप, बिअर ठेवायचा स्वतंत्र फ्रिज आणि त्या फ्रिजचं तापमान राखणारं यंत्र धरलेलं नसतं. "ते एकदाच घ्यायचं असतं," असं तो म्हणतो. मागच्या दिवाळीलाही असंच म्हणाला होता, आणि त्याच्या आदल्या दिवाळीला पातेली लहान होती.

चार बिअर करायची साधी रीत म्हणजे चार वेळा करणं. ती त्याला मान्य नव्हतीच. त्याने जुनी इंग्लिश रीत काढली होती, 'पार्टी-गाइल'. यात पार्टी वगैरे काही नसते. एकाच धान्यातून तीनदा रस काढायचा. बार्ली, म्हणजे आपलं जव, भिजवून मोड आणून वाळवलं की त्याला माल्ट म्हणतात. ते भरडून गरम पाण्यात सदुसष्ट अंशांच्या आसपास तासभर मुरवलं की दाण्यातल्या पिठाची साखर होते. पहिला रस काढला तर तो दाट आणि गोड, त्याची होते कडक बिअर. त्याच चोथ्यावर पुन्हा गरम पाणी घालून दुसरा रस काढायचा, त्याची रोजच्या पिण्याची. तिसऱ्यांदा जो रस निघतो तो पातळ, त्याची 'स्मॉल बिअर', जी इंग्लंडात एके काळी नोकरचाकर आणि पोरंटोरंसुद्धा पीत. लंडनच्या चिजिक भागातली फुलर्स ब्रुअरी एकाच माल्टाच्या अशा दाट-पातळ रसांची वेगवेगळी मिश्रणं करून 'गोल्डन प्राइड'पासून 'लंडन प्राइड'पर्यंत कडक-सौम्य बिअरचं अख्खं कुटुंब काढत आलेली आहे. तिकडे जॉर्ज वॉशिंग्टनने १७५७ साली, म्हणजे राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, आपल्या वहीत स्मॉल बिअरची कृती लिहून ठेवली होती. कोंडा, हॉप्स आणि काकवी. ती वही न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. देश स्वतंत्र करण्याआधी माणसाने कोंड्याचं काय करायचं हे ठरवलं होतं, यात आम्हाला तरी काही वावगं दिसलं नाही.

मित्र हे सगळं फळ्यावर आकृत्या काढून समजावत होता. साखरेचं प्रमाण, घनता, पहिल्या रसात किती टक्के, दुसऱ्यात किती. आम्ही डोकी हलवत होतो. काकू कोथिंबीर निवडत ऐकत होत्या.

"म्हणजे नारळाचं पहिलं दूध, दुसरं दूध, तिसरं दूध," त्या म्हणाल्या. "एवढंच ना?"

मित्राने खडू खाली ठेवला.

"पण मग पहिलं शेवटी घालशील ना? आधी घातलंस तर फुटेल."

"नाही आई, यात एकमेकांत घालायचं नाही. वेगवेगळं उकळायचं."

"मग तीन आमट्या झाल्या," काकू म्हणाल्या आणि पुन्हा कोथिंबिरीकडे वळल्या. आम्ही सगळे इंजिनिअर. तीन वर्षं तो आम्हाला हे सांगत होता आणि आम्हाला तेव्हा कुठे कळलं.

पंधरा किलो माल्ट, चाळीस लिटर पाणी. हे मुरवायला सहलीला बर्फ न्यायचा मोठा कूलर. खाली तोटी, आत जाळी. उकळायला तीन बर्नर. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की अंगणात तेलात तळतात, त्यासाठी बाजारात प्रोपेनचे बर्नर मिळतात. माझ्या अंदाजाने त्यातले निम्मे टर्कीला कधी पाहतच नाहीत, ते थेट बिअरवाल्यांच्या घरी जातात. तीन रसांची नावं मित्राने ठेवली होती थोरली पाती, मधली पाती आणि धाकटी पाती. देवास संस्थानात पवारांच्या दोन गाद्या एकाच गावात नांदायच्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. इथे एका गॅरेजात तीन. शिवाय मधलीचे उकळून झाल्यावर दोन भाग व्हायचे होते. एकात इंग्लिश यीस्ट, दुसऱ्यात बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरचं यीस्ट. तीन उकळ्या, चार बिअरा. कागदावर अतिशय देखणं दिसत होतं.

आता हॉप्स. ही एका वेलीची फुलं. मित्राच्या घरापासून कॅस्केड पर्वत ओलांडला की यकिमाचं खोरं लागतं, आणि अमेरिकेतले बहुतांश हॉप्स तिथेच पिकतात. उंच खांबांना तारा बांधून वेल वर चढवलेले असतात. हॉप्सचं वैशिष्ट्य असं की तासभर उकळले तर कडूपणा उतरतो पण सुगंध उडून जातो, आणि शेवटच्या मिनिटाला टाकले तर सुगंध राहतो पण कडूपणा येत नाही. म्हणून प्रत्येक पातेल्यात तीनदा टाकायचे: उकळी आल्यावर, पंधरा मिनिटं उरली असताना आणि आच बंद करताना. तीन पातेली गुणिले तीन वेळा, नऊ मात्रा. त्यासाठी बायकोच्या नऊ स्टीलच्या वाट्या घेऊन त्याने टेबलावर ओळीने मांडल्या. वजन करून भरलेल्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी. हॉप्स हल्ली दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात येतात, आणि जात फगल असो, गोल्डिंग्ज असो की कॅस्केड, दिसायला सगळ्या एकजात हिरवट गोळ्या. थोरलीच्या शेवटच्या वाटीत कॅस्केडचा ढीग होता. धाकटीच्या वाटीत चिमूटभर गोल्डिंग्ज, कारण गरिबाघरच्या बिअरला कशाला सुगंध.

नऊ मात्रांना नऊ गजर लागणार. एक मायक्रोवेव्हला, एक ओव्हनला, दोन फोनवर आणि उरलेले त्या बोलक्या स्पीकरला सांगितलेले. त्या स्पीकरला मराठी नावं झेपली नाहीत. थोरलीचं त्याने 'चार्ली' केलं आणि धाकटीचं 'टॅक्सी'. दुपारभर घरात एक बाई शांत आवाजात सांगत होती की चार्लीची वेळ झाली आहे.

"हा चार्ली कोण? जेवायला आहे का?" काकूंनी दोनदा विचारलं.

योगायोग असा की या छंदाचा आद्यगुरू चार्लीच आहे. चार्ली पापाझियन. शिकला अणुइंजिनिअरिंग, शिकवलं बालवाडीत आणि १९८४ साली 'द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग' हे पुस्तक लिहिलं. त्याची सगळी शिकवण एका ओळीची: काळजी करू नका, निवांत बसा, एक बिअर घ्या. मित्राकडे या पुस्तकाची सही केलेली प्रत आहे, आणि त्या दिवशी तो एका पातेल्याकडून दुसऱ्याकडे इतक्या काळजीने पळत होता की त्याला पाणी प्यायलाही उसंत नव्हती.

पहिली उकळी यायच्या बेतात रसावर तपकिरी फेसाचा डोंगर चढतो. एका क्षणी पातेलं शांत असतं आणि पुढच्या क्षणी बर्नर विझलेला, फरशी चिकट. यासाठी बिअरवाले पाण्याची फवारणीची बाटली हाताशी ठेवतात. मित्राची बाटली होती, पण मित्र दुसऱ्या पातेल्यापाशी थर्मामीटर वाचत होता. काकू उठल्या, पातेल्यावर लाकडी उलथनं आडवं ठेवलं, गॅस बारीक केला, फेसावर फुंकर मारली आणि परत जाऊन बसल्या. तीस वर्षं रोज दोन वेळा दूध तापवलेल्या बाईला ऊत येण्याआधीचा क्षण पातेल्याकडे न बघताही कळतो. तिन्ही पातेल्यांतलं एकही उतू गेलं नाही, आणि याची नोंद मित्राच्या वहीत 'आच योग्य राखली' अशी आहे.

मग फोटोचं प्रकरण घडलं. आमच्यातल्या एकाच्या बायकोला त्या नऊ वाट्या फार आवडल्या. स्टीलच्या वाट्या, हिरव्या गोळ्या, मागे वाफाळती पातेली. पण ओळीत मांडलेलं काही चांगलं दिसत नाही, म्हणून तिने त्या गोल मांडल्या, मधोमध काकूंची कोथिंबीर ठेवली, फोटो काढला आणि वाट्या पुन्हा ओळीत लावून दिल्या. अगदी व्यवस्थित. चिठ्ठ्याही प्रत्येक वाटीखाली एकेक. कोणत्या वाटीखाली कोणती, एवढंच मागेपुढे झालं. फोटोला अडीचशेच्या वर लाइक मिळाले. हे वाट्यांचं रहस्य आम्हाला त्यावेळी माहीत नव्हतं. ते फुटलं नंतर, तोच फोटो मोठा करून पाहताना. थोरलीची वेळ झाली, स्पीकर चार्लीच्या नावाने बोलला, आणि मित्राने चिठ्ठी वाचून चिमूटभर हॉप्स टाकले. तासाभराने टॅक्सीची वेळ झाली तेव्हा धाकटीत ढीग गेला. त्याला क्षणभर वाटलं की हे जरा जास्त आहे. पण चिठ्ठी त्याच्याच हस्ताक्षरातली होती, आणि स्वतःच्या डेटावर अविश्वास दाखवायची त्याला सवय नाही.

उकळल्यानंतर सगळं बदलतं. उकळेपर्यंत कसाही हात लावा, काही बिघडत नाही. पण रस गार झाला की त्यावर हवेतल्या प्रत्येक जंतूचा डोळा असतो. म्हणून बिअरवाले कामाच्या दोन बाजू मानतात, गरम बाजू आणि थंड बाजू. थंड बाजूला नळी, चमचा, झाकण, हात, सगळं 'स्टार सॅन' नावाच्या आम्लाच्या पाण्यातून काढायचं. त्याला प्रचंड फेस येतो आणि तो फेस तसाच ठेवायचा असतो. धुवायचा नाही, त्यानं काही होत नाही. मित्राने फेसाने भरलेले चार फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायची भांडी, रांगेत उपडे घातले आणि नळी आणायला आत गेला. तो परत येईस्तोवर काकूंनी चारही फर्मेंटर अंगणातल्या नळाखाली चांगले तीन-तीन पाण्यांनी विसळून पुसून ठेवले होते. पुसायला पदर वापरला होता.

"साबण तसाच ठेवतोस? पोटात जाईल कुणाच्या," त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा सगळं फेसात बुडवलं आणि आईला पाऊण तास जंतुशास्त्र सांगितलं. लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवर ग्रंथ लिहिला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत एमिल ख्रिस्तियन हान्सेनने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. त्याआधी बिअर कधी नासायची आणि का, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. बव्हेरियात १५१६ साली बिअरच्या शुद्धतेचं फर्मान निघालं, त्यात पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढेच जिन्नस होते. यीस्टचं नावच नव्हतं.

"थोडक्यात, आता कुणी शिवायचं नाही," काकूंनी निष्कर्ष काढला. "हे आधी नाही का सांगायचं?" त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्यांनी गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकली आणि एकाही माणसाला हात धुतल्याशिवाय आत सोडलं नाही. मी घड्याळ बघायला आत डोकावलो तर मलाही परतवलं.

मला त्या दिवशी सर्वांत मजेची वाटली ती वेगळीच गोष्ट. हा मित्र रत्नागिरीच्या घरात असताना चहाचा कप विसळत नसे. काकूंनीच हे आम्हाला सांगितलं, आणि सांगताना त्या त्याच्याकडे बघत होत्या. तो तेव्हा कूलरच्या तोटीत बारीक ब्रश घालून आतला दाणा न दाणा काढत होता. बिअर करणं म्हणजे बिअर करणं थोडं आणि भांडी घासणं बरंच, हे कोणताही बिअरवाला कबूल करतो. चार बिअर एकदम केल्या की बिअरचा वेळ वाचतो, पण घासायची भांडी चौपट होतात. गार करायच्या तांब्याच्या नळीतून येणारं गरम पाणी काकूंनी बादल्यांत साठवून ठेवलं होतं. त्या पाण्यात लेकाला रात्री साडेनऊपर्यंत पातेली घासताना पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते त्याच्या कॉन्व्होकेशनच्या फोटोतही नाही.

मधल्या वेळात आम्ही तो कच्चा रस चाखला. त्याला 'वर्ट' म्हणतात. यीस्ट पडायच्या आधी त्यात दारूचा थेंब नसतो, हॉप्स पडायच्या आधी कडूपणा नसतो. गरम, दाट, खरपूस, गोड. काकूंनी दोन वाट्या घेतल्या, वर वेलदोड्याची पूड घालून.

"इतकं छान झालंय," त्या म्हणाल्या, "मग आता पुढे नासवता कशाला?"

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

चोथा उरला वीस किलोच्या आसपास. मोठ्या ब्रुअऱ्यांचा चोथा गुरांना जातो. काकूंनी त्यातला दोन वाट्या भाजणीत घालून थालीपीठं लावली. चव खमंग होती, पण जवाची सालं दातांत अशी अडकली की मंडळी बोलायची थांबली. वाळवून दळल्याशिवाय तो चोथा माणसाच्या उपयोगाचा नाही, हे सर्वानुमते ठरलं आणि उरलेला शेजारच्या कोंबड्यांना गेला. कोंबड्यांची तक्रार आली नाही.

रात्री चारही फर्मेंटर जिन्याखालच्या कपाटात गेले. त्यांच्या झाकणांत एअरलॉक असतो. आत हवा येऊ द्यायची नाही, आतला वायू मात्र बाहेर जाऊ द्यायचा. दुसऱ्या दिवशी चौघी बुडबुड करू लागल्या. पिकलेल्या केळ्याला जो वास देतो तोच पदार्थ बव्हेरियन यीस्ट बिअरमध्ये तयार करतं, जोडीला लवंगेचा वास. त्यामुळे तिसऱ्या दिवशी काकूंनी "शिकरण कुणी केलंय?" म्हणून सगळे डबे उघडून पाहिले. थोरलीत साखर भरपूर, यीस्ट भरपूर आणि वर जागा कमी. तिचा फेस चढत चढत एअरलॉकमध्ये घुसला, हॉप्सच्या कणांनी तोंड बुजलं, आणि पहाटे कपाटातून आवाज आला. झाकण छताला लागून परत आलं होतं आणि चिकट तपकिरी मळी गणपतीच्या मखराच्या खोक्यावर पसरली होती. भाद्रपदात मखर मांडलं तेव्हा आरतीला आलेल्या प्रत्येकाने "धूप वेगळा आहे का?" असं विचारलं. मित्राच्या बायकोने "हो, इकडचा आहे" असं सांगितलं.

काकूंनी मात्र परत जाण्याआधी एक काम केलं. बिअर उपसल्यावर तळाशी यीस्टचा गाळ उरतो. त्यांनी तो फेकू दिला नाही. "थोडं राखून ठेव पुढच्या खेपेला," म्हणाल्या. बिअरवालेही नेमकं हेच करतात, पण त्यासाठी त्यांना व्हिडिओ पाहावे लागतात.

बाटल्या भरणं हा आणखी एक शनिवार. सत्तावन्न लिटर म्हणजे गाळ आणि सांडणं वजा जाता दीडशे बाटल्या. त्या महिन्यात आम्हाला कुणाच्याही घरी फेकण्याजोगी बाटली दिसली की ती धुऊन त्याला पोचवायचं काम होतं.

चाखण्याचा कार्यक्रम जुलैत झाला. मित्र डेटावाला, त्यामुळे नुसतं "घ्या" म्हणून पेले हाती देईल तर शपथ. त्याने तीन-तीन पेल्यांची परीक्षा मांडली. तीनपैकी दोन पेल्यांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळी कोणती ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून उत्तरं जमा करून हिशोब. थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येतं, हा प्रश्न मुळात बिअरवाल्यांचाच. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत विल्यम सीली गॉसेट नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १९०८ साली याच प्रश्नावर निबंध लिहिला, आणि कंपनी खऱ्या नावाने लिहू देत नव्हती म्हणून 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला. आज जगभर संख्याशास्त्राच्या वर्गात त्यातली रीत 'स्टुडंटची टी-टेस्ट' म्हणून शिकवतात. पण गॉसेटच्या नमुन्यांत मराठी पाहुणे नव्हते.

मराठी पाहुण्याचं मत ही भाषांतर करून घ्यायची गोष्ट आहे. "छान आहे" म्हणजे ठीक आहे. "वेगळी आहे" म्हणजे वाईट आहे. "तू घरी केलीस? कमाल आहे!" म्हणजे प्यायलेली नाही. एकाने तीन पेले समोर आल्यावर विचारलं, "वेगळी सांगायची की आवडलेली?" दुसऱ्याने तिन्ही पेले एकात ओतले आणि म्हणाला, आता बरी लागते. एक काका म्हणाले, "मला तिन्ही सारख्याच, पण भजी काय झालीत!" हे सगळं मित्राने एक्सेलमध्ये भरलं.

तरी एक निकाल निर्विवाद लागला. धाकटी. थोरली नऊ टक्क्यांची, रंगाने गडद, गोडसर आणि दमदार. तिला सगळे आदराने "वेगळी आहे" म्हणाले. केळ्याच्या वासाची मधली बायकांनी थोडी घेतली. पण धाकटी, ती अडीच टक्क्यांची, चोथ्याच्या तिसऱ्या पाण्याची, जिला हॉप्ससुद्धा चिमूटभर द्यायचे ठरले होते, तिचे पेले संपतात न संपतात तोवर दुसरे भरले जात होते. संत्र्यासारखा वास, हलकी, उन्हाळ्याच्या दुपारी तांब्याभर प्यावी अशी. मित्राने वही काढली, कारण शोधलं, सापडेना. मग कुणीतरी तो फोटो मोठा केला.

"मग पुढच्या वेळी फक्त धाकटीच कर ना," बायको म्हणाली.

तिच्या सूचनेत तांत्रिक चूक काहीच नव्हती. तीन-चार किलो माल्ट घ्यायचं, कॅस्केडचा ढीग टाकायचा, झालं. पण मित्राने ज्या नजरेने तिच्याकडे पाहिलं, त्यावरून कूलरचा आकार, बर्नरची संख्या आणि सातशे सत्तावन्न लिटर या सगळ्यांच्या वतीने तो दुखावला गेला होता. धाकटी म्हणजे थोरलीचा तिसरा रस, म्हणून धाकटी हवी तर आधी थोरली हवी, असं काहीसं तो बोलला. तेव्हापासून दर खेपेला एकोणीस लिटर थोरली होते आणि एकोणीस लिटर धाकटी. धाकटी महिन्यात संपते आणि थोरली साठत जाते.

साठलेली बिअर विकता येत नाही, पण देता येते. त्यामुळे सिएटलच्या परिसरात गेलं वर्षभर जिथे जिथे वास्तुशांती, मुंजी आणि वाढदिवस झाले, तिथे तिथे थोरलीची बाटली गेली. घेणाऱ्यांनी ती पुढच्या वास्तुशांतीला दिली. ब्लाउजपीस आणि खोबऱ्याच्या वाट्या या मार्गाने किती फिरतात हे आपल्याला ठाऊक आहेच, त्यात आता नऊ टक्के अल्कोहोल घालायचं. परवा मित्राच्या लग्नाच्या वाढदिवसाला कुणीतरी एक बाटली घेऊन आलं. वर नवं चकचकीत लेबल, सोनेरी रिबन. वर्षभर मुरलेली होती. अशा कडक बिअरला मुरणं मानवतं, चव गोल होते, मनुका आणि खजुराकडे झुकते. मित्राने पेला उजेडात धरला, वास घेतला, तोंडात घोळवली आणि डोळे मिटले.

"शेवटचे हॉप्स कमी टाकलेत," तो म्हणाला. "पण माणसाला हात आहे. यीस्ट कुठलं वापरलंय, तेवढं विचार ना त्यांना."